राखेच्या पडद्याआडचं विवर रडारला कसं दिसतं?

15 एप्रिल 2010 पासून पुढचे काही दिवस डब्लिन, शॅनन, कॉर्क असे आयर्लंडमधले विमानतळ कधी पूर्ण, तर कधी अंशतः बंद होते. कारण होतं सुमारे 1400 किलोमीटरवरचा एक ज्वालामुखी. आइसलँडच्या दक्षिणेला हिमनदीखाली असलेला एयाफ्याट्लायोकुट्ल 14 एप्रिलच्या पहाटे फुटला आणि त्याची राख वाऱ्याबरोबर आग्नेयेकडे निघाली. युरोपभरात सुमारे 1 लाख उड्डाणं रद्द झाली आणि 1 कोटी प्रवासी खोळंबले. सगळी विमानं त्या राखेपासून दूर ठेवली जात असताना एक विमान मात्र मुद्दाम त्या डोंगराच्या आसपास घिरट्या घालत होतं. ते होतं आइसलँडच्या तटरक्षक दलाचं टीएफ-सिफ.

टीएफ-सिफचं रोजचं काम समुद्रावरचं: जहाजांवर नजर ठेवायची, तेलगळती शोधायची, हरवलेल्या बोटींचा माग काढायचा. त्यासाठीच त्यात कडेला पाहणारं रडार बसवलेलं होतं. स्फोटाच्या पहिल्या तीन दिवसांत त्याच रडारने राख आणि वाफेच्या आड दडलेल्या विवराच्या प्रतिमा घेतल्या. पुढे आइसलँडचे शास्त्रज्ञ मॅग्नूस तुमी गुडमुंडसन, एयोल्फुर मॅग्नूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रतिमांवरून बर्फ आणि ज्वालामुखी यांच्यात काय घडलं त्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. हे काम कसं चालतं, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू. त्यासाठी भौतिकशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

मुळात विवरात डोकावायचं कशाला? राख किती आणि कशी उडेल, हे बरंचसं विवराच्या तळाशी काय चाललंय यावर अवलंबून असतं. या डोंगराच्या माथ्यावर अडीचेक किलोमीटर रुंदीचा खोलगट भाग आहे आणि त्यात सुमारे 200 मीटर जाडीचा बर्फ होता. हजार अंशांहून तप्त शिलारस वितळलेल्या पाण्याला भिडला की क्षणात तडकतो आणि त्याचा पिठासारखा बारीक भुगा होतो. तोच विमानांना सर्वांत जास्त त्रास देतो. त्यामुळे मुखावर अजून किती बर्फ उरलाय, मुखं किती आणि नेमकी कुठे आहेत, वितळलेलं पाणी कोणत्या बाजूने उतरणार, हे प्रश्न तातडीचे होते. उत्तरेच्या ग्यिग्योकुट्ल हिमनदीवरून पाण्याचे लोंढे मार्कारफ्ल्योट नदीत येत होते आणि पायथ्याच्या सुमारे 800 लोकांना घरं सोडावी लागली होती. कॅमेरा नेला असता, तर त्यात फक्त ढग आला असता.

आता पहिला टप्पा: योग्य लहर निवडणं. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे एका लहरीच्या शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. राखेचे कण त्याच्याएवढे किंवा त्याहून मोठे असतात, म्हणून ते प्रकाश अडवतात. रडारची लहर असते काही सेंटिमीटरांची. अशा कामात साधारण 3 ते 24 सेंटिमीटरच्या लहरी वापरतात. इतक्या लांब लहरीपुढे बारीक राख आणि वाफेचे थेंब नगण्य ठरतात आणि लहर त्यांतून पार जाते. शिवाय रडार आपली लहर स्वतःच सोडतं, त्यामुळे रात्र असो की ढग, काम अडत नाही.

इथे एक गैरसमज हमखास होतो. रडार राखेतून पाहू शकतं म्हणजे ते राख पाहू शकतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते राखेतून पाहू शकतं, कारण राख त्याला जवळजवळ दिसतच नाही. याची किंमत 24 जून 1982 च्या रात्री कळली. लंडनहून ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं 9 क्रमांकाचं उड्डाण मुंबई, क्वालालंपूर करत पुढे जाताना जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. विमानाच्या हवामान रडारवर काहीच नव्हतं. ते रडार पावसाच्या थेंबांसाठी बनवलेलं असतं. चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमान खाली आणत इंजिनं पुन्हा सुरू केली आणि जकार्ताला सुखरूप उतरवलं. जो गुण त्या रात्री जिवावर बेतला, तोच विवर पाहताना उपयोगी पडतो.

अर्थात, ही पारदर्शकता सरसकट नसते. मुखाच्या अगदी वर, जिथे दगडांचे मोठे तुकडे आणि दाट राख उसळत असते, तिथून लहर परतते. 2010 मध्ये आइसलँडमधल्या केफ्लाव्हिकच्या जमिनीवरच्या हवामान रडारने राखेच्या स्तंभाची उंची मोजली, ती याच कारणाने शक्य झाली. म्हणून विवराच्या प्रतिमेत मुखाशी एखादा धूसर डाग दिसला, तर त्याला लगेच खडक समजू नये.

दुसरा टप्पा: विमान विवरावरून न नेता बाजूने नेणं. सुरक्षितता हे कारण आहेच, पण त्याहून मूलभूत कारण वेगळं आहे. रडार फक्त लहर जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतं. ते सरळ खाली पाहू लागलं, तर उजवीकडच्या आणि डावीकडच्या सारख्याच अंतरावरच्या वस्तूंचे प्रतिध्वनी एकाच क्षणी येतील आणि कोणता कुठला ते कळणार नाही. एकाच बाजूला, तिरकं पाहिलं की हा घोळ मिटतो. विमान विवरापासून काही किलोमीटर अंतर ठेवून सरळ रेषेत उडतं आणि रडार एका कडेला पाहत राहतं.

तिसरा टप्पा: स्पंद सोडणं आणि वेळ मोजणं. स्पंद म्हणजे लहरींचा अगदी छोटा झोत. रडार असे स्पंद सेकंदाला शेकड्यांनी, हजारांनी सोडतं. लहर प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला 3 लाख किलोमीटर जाते. त्यामुळे परतायला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग जास्त लागला, तर वस्तू 150 मीटर लांब आहे असा हिशेब होतो. एकेका मीटरचा फरक ओळखायचा तर घड्याळ याच्याही दीडशेपट बारकाईने चालावं लागतं. आजची उपकरणं ते सहज करतात.

चौथ्या टप्प्यात खरी करामत आहे. अंतराच्या दिशेने मीटरभराचा फरक कळला, पण विमानाच्या उड्डाणाच्या दिशेने काय? समजा, लहर 3 सेंटिमीटरची आहे, अँटेना 2 मीटर लांब आहे आणि विवर 20 किलोमीटरवर आहे. तिथे पोचेपर्यंत झोत सुमारे 300 मीटर रुंद पसरतो. म्हणजे 300 मीटरच्या आतलं सगळं एकमेकांत मिसळणार. झोत अरुंद करायला शेकडो मीटर लांबीची अँटेना हवी, आणि ती विमानाला लटकवता येत नाही.

उपाय असा: विमान पुढे सरकत असताना विवरातला एकच दगड बराच वेळ झोतात राहतो, आणि त्या काळात तो प्रथम जवळ येत, मग दूर जात असतो. त्याच्याकडून आलेला प्रत्येक प्रतिध्वनी नोंदवून ठेवायचा आणि नंतर संगणकात सगळे नीट जुळवून एकत्र करायचे. विमानाने कापलेलं ते सगळं अंतरच जणू एक लांबलचक अँटेना बनतं. या पद्धतीला संश्लेषित-छिद्र रडार म्हणतात; सोप्या भाषेत, हिशेबाने लांब केलेली अँटेना. तिची आणखी एक खुबी आहे: उड्डाणाच्या दिशेची स्पष्टता अंतराबरोबर घटत नाही. लांबची वस्तू झोतात जास्त वेळ राहते आणि तोटा भरून निघतो. त्यामुळे विमान विवरापासून सुरक्षित अंतरावर राहूनही बारीक तपशील टिपू शकतं.

मात्र हा हिशेब विमानाची जागा अचूक माहीत असेल तरच जमतो. ज्वालामुखीभोवतीची हवा उसळती असते, विमान हेलकावे खातं, आणि लहरच 3 सेंटिमीटरची असल्यावर थोड्याशा चुकीनेही प्रतिमा फिसकटते. म्हणून उपग्रहांवरून मिळणारी जागा आणि विमानातल्या हालचालमापकांच्या नोंदी दोन्ही वापरून प्रत्येक क्षणाची स्थिती काढली जाते. प्रतिमा पुसट आली, तर दोष बहुधा रडारचा नसून या नोंदींचा असतो.

आता पाचवा टप्पा, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त चुका प्रतिमा वाचतानाच होतात. हाती येतं ते छायाचित्रासारखं दिसतं, पण ते छायाचित्र नसतं. तो अंतरांचा नकाशा असतो. विहिरीच्या काठावर उभं राहून आत पाहिलं, तर समोरची भिंत पूर्ण दिसते आणि आपल्या पायाखालची भिंत मुळीच दिसत नाही. रडारचं तसंच होतं. विवराची विमानाकडची भिंत रडारच्या सावलीत जाते. तिथून काहीच परत येत नाही, म्हणून प्रतिमेत तो भाग ठार काळा येतो. समोरची भिंत मात्र रडारकडे तोंड करून असते. ती लखलखीत येते आणि आखडलेली दिसते. तिचा माथा आणि पाया रडारपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतील, तर दोन्ही एकाच ओळीवर येऊन बसतात. भिंत फारच उभी असली तर माथा पायाच्या आधीच उमटतो. याला प्रतिमा कलंडणं म्हणता येईल.

15 एप्रिलच्या सुमाराची अशीच एक प्रतिमा जगभर गाजली. तीन काळे खड्डे, दोन डोळे आणि उघडं तोंड. पाहणाऱ्याला एक भेसूर चेहरा दिसायचा. ते तीन खड्डे म्हणजे शिलारसाने बर्फातून वर येताना पाडलेली तीन भोकं होती. काळेपणाचा बराचसा भाग रडारच्या सावलीचा होता. त्यात ना राखेचा रंग होता, ना उष्णतेचा काही संबंध.

ही सावली कामाचीही असते. रडारची किरणरेषा सरळ खालच्या दिशेपासून 60 अंश तिरकी आहे असं धरा. काठ तीव्र उताराचा असेल आणि सावली सपाट तळावर पडत असेल, तर 100 मीटर खोलीमागे 173 मीटर लांब सावली पडते. प्रतिमेत सावली मोजायची, कोन ठाऊक असतोच, खोली निघते. पण दोन ठिकाणी फसगत होते. विवर अरुंद असेल तर सावली तळ ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते. अशा वेळी मिळते ती फक्त ‘निदान इतकी तरी’ खोली. आणि काठाचा उतार किरणापेक्षा सौम्य असेल तर सावली पडतच नाही, खड्डा असूनही. यावर मार्ग एकच: वेगवेगळ्या दिशांनी फेऱ्या मारायच्या, म्हणजे एका बाजूने सावलीत गेलेला भाग दुसऱ्या बाजूने उजळतो.

उजळ म्हणजे तप्त, हा दुसरा मोठा गैरसमज. रडार तापमान मोजत नाही. ओबडधोबड पृष्ठभाग लहर सगळीकडे उधळतो, थोडी परत येते, म्हणून तो उजळ दिसतो. शांत पाणी आरशासारखं वागतं, लहर पुढेच निघून जाते, म्हणून ते काळं दिसतं. ओला बर्फही गडद दिसतो. त्यामुळे विवरातला काळा डाग पाण्याचा आहे, सावली आहे की नुसता ओला बर्फ, हे ठरवायला दुसऱ्या दिशेची प्रतिमा आणि जमेल तिथे उष्णता टिपणारा कॅमेरा, दोन्ही जोडीला लागतात. शिवाय कोरड्या बर्फात लहर काही अंतर आत शिरते, त्यामुळे मोजलेला पृष्ठभाग खऱ्याहून किंचित खाली दिसतो.

सहावा टप्पा: दोन दिवसांच्या प्रतिमांची तुलना. एकाच दिशेने, एकाच उंचीवरून घेतलेल्या प्रतिमाच शेजारी ठेवाव्यात. सकाळी उत्तरेकडून आणि संध्याकाळी दक्षिणेकडून पाहिलं, तर सावल्या बदलतात आणि विवरच बदललं असा भास होतो. आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी प्रतिमा नकाशावर नीट बसवून भोकांच्या कडा दिवसागणिक रेखल्या आणि किती बर्फ गेला याचा अंदाज बांधला. पाणी कुठे बर्फाखालून आणि कुठे हिमनदीच्या पाठीवरून उतरलं, हेही त्यातून उलगडलं.

याहून सूक्ष्म बदल मोजायची रीत म्हणजे व्यतिकरण: दोन फेऱ्यांमधल्या लहरी एकमेकांवर ठेवून त्यांच्या टप्प्यातला फरक पाहणं. परतलेली लहर आधी शिखरावर होती आणि आता उतारावर आहे, म्हणजे जमीन तेवढीशी सरकली. अमेरिकेच्या नासाचं यूएव्हीसार हे रडार सुमारे 24 सेंटिमीटरच्या लहरीवर चालतं, विमान साडेबारा किलोमीटर उंचीवरून नेतात, आणि पुन्हा तीच वाट धरताना जुन्या वाटेपासून 5 मीटरच्या आत ठेवतात. त्याच्या नकाशावरचा एक रंगपट्टा म्हणजे जमिनीची विमानाच्या दिशेने 12 सेंटिमीटर हालचाल. लहर जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापते, म्हणून तरंगलांबीच्या निम्मी.

पण ही रीत नेमकी विवरातच दगा देते, आणि माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी हीच मर्यादा ध्यानात ठेवावी. व्यतिकरणासाठी दोन्ही वेळी जमिनीचा पोत तोच असावा लागतो. डोंगराचा उतार काही सेंटिमीटर फुगला तर पोत टिकतो. विवराचा तळ मात्र राखेने झाकला जातो, कडे ढासळतात, बर्फ जातो. कालचा पृष्ठभाग आज शिल्लकच नसतो. तिथे नकाशावर रंगपट्ट्यांऐवजी नुसते रंगीबेरंगी ठिपके उरतात, आणि त्यातून अर्थ काढू जाणं व्यर्थ. अशा ठिकाणी एकाच विमानावर दोन अँटेना बसवून एकाच फेरीत उंचीचा नकाशा करतात. 2018 मध्ये हवाईच्या किलाउआचा माथा खचून विवर 500 मीटरपर्यंत खोल गेलं, तेव्हा नासाच्या ग्लिस्टिन-ए या रडारने असेच उंचीचे नकाशे केले. एका नकाशातून दुसरा वजा केला की किती दगड गेला ते घनमीटरांत मिळतं.

एवढं करूनही रडार एका प्रश्नाचं उत्तर देत नाही: राख आयर्लंडवर कधी येईल? तो अंदाज लंडनचं ज्वालामुखी राख सल्ला केंद्र वारा आणि उद्रेकाच्या जोरावरून काढतं. विवराची प्रतिमा त्याला फक्त एक बाजू पुरवते. मुखाशी पाणी पोचणं कमी झालं की राख भरड होण्याची शक्यता वाढते, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उद्रेकाचा जोर खरंच ओसरला. पण मेच्या सुरुवातीला नवा शिलारस आला, राख पुन्हा वाढली आणि 4 मे रोजी आयरिश विमानतळ पुन्हा काही तास बंद ठेवावे लागले. बर्फ संपला म्हणजे धोका संपला, असं मानता येत नाही.

आयर्लंडमध्ये आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. अँट्रिमच्या किनाऱ्यावरचे बसाल्टचे षट्कोनी खांब आणि स्लीव्ह गलियन भोवतीचं डोंगरांचं कडं हे सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचे अवशेष आहेत. आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टपेक्षा काही दशलक्ष वर्षांनी तरुण. तिथे विवरच उरलेलं नाही. आयर्लंडमध्ये घरांवरून अवघ्या 60 मीटरवरून उडणारं सर्वेक्षण विमान दिसलं, तर ते बहुधा तिथल्या भूवैज्ञानिक खात्याच्या टेलस प्रकल्पाचं असतं. ते चुंबकत्व, विद्युतवाहकता आणि किरणोत्सर्ग मोजतं, त्यात या लेखातलं रडार नसतं.

रडारने मोजलेली आयर्लंडची जमीन मात्र आपण घरबसल्या पाहू शकता. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा भू-हालचाल नकाशा सेंटिनेल-1 उपग्रहांच्या नोंदींवरून बनतो आणि तो सर्वांना खुला आहे. आपल्या गावावर गेलात, की इमारती आणि रस्त्यांवर भरपूर ठिपके दिसतील, दलदलीच्या रानावर विरळ. वर सांगितलेलं पोत टिकण्याचं कारण तिथेही लागू आहे.

उपग्रह इतके चांगले असताना विमान कशाला, असं आपण विचाराल. वेळ हे त्याचं कारण. भारताच्या इस्रोने नासाबरोबर 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार उपग्रह त्याच जागी त्याच कोनातून 12 दिवसांनी येतो. हळूहळू फुगणाऱ्या डोंगरासाठी ते पुरेसं आहे. एयाफ्याट्लायोकुट्लचं विवर मात्र काही तासांत बदलत होतं, आणि विमान हव्या त्या वेळी, हव्या त्या बाजूने नेता येतं.

एयाफ्याट्लायोकुट्लच्याच शेजारी, म्यिर्डाल्सयोकुट्ल हिमनदीखाली, काटला नावाचा कितीतरी मोठा ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक ऑक्टोबर 1918 मध्ये झाला. खालच्या उष्णतेने त्याच्या बर्फावर खळगे पडतात आणि ते खोल होऊ लागले की खाली पाणी किंवा उष्णता वाढल्याची शंका येते. 1999 पासून आइसलँडचे शास्त्रज्ञ विमानातल्या, सरळ खाली पाहणाऱ्या उंचीमापक रडारने त्या खळग्यांवरून ठरलेल्या रेषांत उडत बर्फाची उंची नियमित मोजत आले आहेत.